लाटेला तळ लागतो तेव्हा

मुंबईपासून पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटर गेले की ‘मुंबई हाय’ लागते. 1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्री खोदयंत्राने इथे विहीर खणली आणि तेल सापडले. तेलाची ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. तिथल्या पाण्याची गोष्ट मात्र फारसे कुणी सांगत नाही. किनाऱ्यापासून इतक्या दूर, जमीन नजरेच्या कितीतरी पल्याड राहिलेली, आणि समुद्र मात्र जेमतेम 75 मीटर खोल. फोर्टातला राजाबाई टॉवर उचलून तिथे तळावर ठेवला, तर त्याचा वरचा दहाएक मीटरचा भाग पाण्याबाहेर राहील. म्हणजे किनाऱ्यापासून निघालेला तळ किलोमीटरमागे सरासरी अर्धा मीटरसुद्धा उतरत नाही.

भूगोलाच्या पुस्तकातली समुद्रबूड जमीन, म्हणजेच खंडमंच, तो हाच. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे 120 मीटर खाली होती आणि या मंचाचा बहुतेक भाग उघडी जमीन होता. मुंबईसमोर त्याची रुंदी तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. दक्षिणेकडे तो निमुळता होत जातो. गोव्यापुढे शंभर किलोमीटरच्या आसपास, कोचीजवळ साठ-सत्तर. त्याच्या कडेशी पाणी शंभर-दीडशे मीटर खोल असते आणि तिथून पुढे तळ एकदम हजारो मीटर खाली जातो. खोल समुद्रातून आलेली प्रत्येक लाट ही कड चढते आणि या उथळ पाण्यातून वाट काढत आपल्या पुळणीवर येते. लाट वारा उठवतो हे खरे. पण किनाऱ्यावर ती कुठे, केवढी आणि कोणत्या रूपात फुटेल हे तळ ठरवतो. ते प्रत्यक्ष पाहायचे म्हणून मे महिन्यात मी अलिबागहून दक्षिणेला निघाले. मासेमारी बंद व्हायच्या आत मालवण गाठायचे आणि पुढे गोव्यापर्यंत जायचे, एवढेच ठरले होते. पावसाळ्यात केरळला जाण्याचे नंतर ठरले.

अलिबागला पोहोचले तेव्हा ओहोटी लागली होती. कुलाबा किल्ल्याकडे लोक चालत निघाले होते, टांगे ओल्या वाळूतून जात होते. काही तासांनी याच वाटेवर होडी लागते. भरती ही लाटच आहे, फक्त तिची लांबी हजारो किलोमीटरची आणि तिच्या दोन शिखरांमध्ये साडेबारा तासांचे अंतर. उघड्या महासागरात ती फार उंच नसते. रुंद, उथळ मंचावर आली की तिचा वेग मंदावतो, मागचे पाणी पुढच्यावर साचत जाते आणि उंची वाढते. म्हणून कोचीला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आत-बाहेर, गोव्यात उधाणाच्या दिवसांत दोन मीटरच्या थोडा वर, मुंबई-अलिबागला चार मीटरांहून अधिक. खंभातच्या आखातात पाणी चिंचोळ्या जागेत कोंडले जाते, तेव्हा भावनगरला तोच फरक दहा मीटरच्याही पुढे जातो. एकाच अरबी समुद्राची ही चार रूपे, आणि त्यांच्यातला मोठा फरक मंचाच्या रुंदीचा आणि किनाऱ्याच्या आकाराचा.

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या लाटा गुडघ्याएवढ्या होत्या. त्या दूरवर फुटत होत्या आणि पांढऱ्या फेसाच्या चार-पाच समांतर रेघा ओढत सावकाश येत होत्या. पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशाहून अधिक उंची लाटेला पेलवत नाही. त्यापलीकडे तिचा माथा सांडतो. मीटरभर पाण्यात मीटरभराची लाट उभी राहूच शकत नाही. भरती चढली की पाणी खोल होते आणि तीच लाट न फुटता, आपली ताकद राखून किनाऱ्याच्या भिंतीपर्यंत येते. मुंबईत पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करतात. त्या तारखांना पावसाचे पाणी तुंबण्याची भीती असतेच. शिवाय वारा असेल तर मरीन ड्राइव्हवर पाणी उडते ते याच कारणाने. उथळपणाची ढाल त्या चार-सहा तासांपुरती पातळ झालेली असते.

लाटेला तळ कधी लागतो, याचा हिशोब सोपा आहे. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतच्या लांबीच्या निम्म्याहून पाणी कमी खोल असले की लाटेला तळ जाणवू लागतो. ही लांबी मोजायला समुद्रात जावे लागत नाही, हातातले घड्याळ पुरते. दोन लाटांमध्ये जितके सेकंद जातात त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि दीडपटीहून किंचित जास्त, नेमके सांगायचे तर 1.56 ने गुणायचे. खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. पाच सेकंदांची लाट 39 मीटर लांब. तिला तळ लागतो वीस मीटर पाण्यात, किनाऱ्याच्या तशी जवळ येऊन. आठ सेकंदांची शंभर मीटर लांब, तिला पन्नास मीटरवर. पंधरा सेकंदांची लाट मात्र साडेतीनशे मीटर लांब असते. तिला 175 मीटर खोलीवरच तळाची चाहूल लागते. म्हणजे मंचाच्या कडेवर पाय ठेवण्याआधीच! पुढचा सगळा प्रवास ती तळाच्या संगतीने करते.

दिवेआगरला मी सकाळी घड्याळ लावून बसले. पहाटेच्या मतलई वाऱ्यांनी पाणी गुळगुळीत ठेवले होते आणि चौदा-पंधरा सेकंदांनी एकेक लांब, सावकाश लाट येत होती. दुपारी खारे वारे सुटले तशी पाण्यावर बारीक खळबळ माजली. आता चार-पाच सेकंदांनी लाटा येऊ लागल्या, वायव्येकडून तिरक्या. सकाळच्या लाटा संपल्या नव्हत्या. दुपारच्या बारक्या लाटांखालून त्याही येतच होत्या, फक्त डोळ्यांना वेगळ्या दिसत नव्हत्या. मार्च-एप्रिल-मेमध्ये कोकण किनाऱ्यावर हे रोज घडते. पुळणीवर तासभर बसायची तयारी असेल तर कुणालाही मोजता येईल. मुलांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हे एकदा तरी करून दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

उथळ पाण्यात लाटेचे नेमके काय बदलते? वेग बदलतो. पंधरा सेकंदांची लाट खोल समुद्रात ताशी 84 किलोमीटरने धावते. दहा मीटर पाण्यात ती ताशी 35 किलोमीटरवर येते, दोन मीटरवर सोळाच्या आसपास. लांबी त्याच प्रमाणात आक्रसते. मध्ये जाणारे सेकंद मात्र बदलत नाहीत. उंचीचे वागणे विशेष आहे. तळ लागल्यावर ती लगेच वाढत नाही. आधी थोडी घटते, जास्तीत जास्त नऊ टक्क्यांनी, आणि मग शेवटच्या काही मीटर खोलीत झपाट्याने वाढते. त्यामुळे समुद्रात होडीतून जी लाट जाणवतसुद्धा नाही, ती पुळणीवर माणसाला पाडते. सगळ्या वाटेत तळाशी घासून तिची शक्तीही खर्च होत असते. मंच जितका रुंद, तितका हा खर्च मोठा.

पण रुंद मंच नेहमीच रक्षण करतो असे नाही. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये 3 जून 2020 अजून ताजा आहे. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळाचा वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो. खोल समुद्रात ते पाणी खालून परत फिरते. उथळ मंचावर परतीला जागाच कमी, म्हणून ते साचते. पाणी जितके उथळ, तितका हा फुगवटा उंच. बंगालच्या उपसागराच्या टोकाला 1970 सालच्या चक्रीवादळात लाखो माणसे गेली, त्यामागे वाऱ्याइतकाच तिथला उथळ, पसरट तळ होता. आपल्या किनाऱ्याचा उत्तर भागही तसाच उथळ आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

हरिहरेश्वरला देवदर्शनानंतर प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरतात. दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून गेले की लाटांनी कापून सपाट केलेला खडक लागतो. त्याच्यावरच्या भिंतीत खाऱ्या पाण्याने पोखरलेली हजारो भोके. ही वाट ओहोटीची. भरतीत तिथे थांबणे जिवावर बेतते. इथे उभे राहिले की लाट कशी वळते ते उघड दिसते. डोंगराचे नाक पाण्याखालीही पुढे गेलेले असते. समोरून येणाऱ्या लाटेचा मधला भाग त्या उथळावर आधी येतो आणि मंदावतो. दोन्ही बाजूंची टोके खोल पाण्यात असतात, ती पुढे निघून जातात. लाटेची सरळ रेघ वाकते आणि नाकाला तिन्ही बाजूंनी कवळते. शेजारच्या आखातात उलटे घडते, तिथे तीच लाट फाकते, तिची ताकद लांब किनाऱ्यावर विखुरते. म्हणून कोकणात नाके झिजतात आणि आखातात वाळू साठते. वेळणेश्वरची चंद्रकोरीसारखी पुळण आणि तिच्या दोन बाजूंचे काळे खडक एकाच लाटेने घडवलेले आहेत.

गणपतीपुळ्याला मी पाण्यात फारशी गेले नाही, काठावरून पाहत राहिले. लाटा फुटून जे पाणी पुळणीवर आणतात ते कुठून तरी परत जायलाच हवे. ते पाण्याखालच्या वाळूच्या बांधांमधली खिंड शोधते आणि तिथून ओढ्यासारखे समुद्राकडे जाते. खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद, सपाट पट्टा दिसला तर त्यात उतरू नये. सापडलेच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे आणि मग फेसाच्या बाजूने परत यावे. या किनाऱ्यावर दरवर्षी माणसे बुडतात. त्यातली बरीचशी पोहता येणारी, तरणीताठी असतात.

मालवणला एका काकांच्या होडीतून पहाटे बाहेर पडले. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी सिंधुदुर्गाच्या पश्चिमेला आल्यावर होडी हळूहळू वर-खाली होऊ लागली, एका लयीत. मी विचारले, “काका, वारा नाही मग पाणी कशाने हलतंय?” वल्ह्यावर हात ठेवून ते म्हणाले, “ह्या पाणी हयचां न्हय गो. लांबसून इलेलां हा.”

ते शब्दशः खरे होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वारे मंद असतात तेव्हा दक्षिण महासागरात, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात, हिवाळी वादळे सुरू होतात. तिथून मालवण सुमारे सात हजार किलोमीटर. वाटेत जमीन नाही. पाणी मात्र तिथून येत नाही, ते जागच्या जागी गोल फिरते. येते ती हालचाल, शक्ती. ही शक्ती लाटेच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते. अठरा सेकंदांच्या लाटा साधारण सहा दिवसांत पोहोचतात, पंधराच्या सात दिवसांत, बारा सेकंदांच्या त्याहून दीड-दोन दिवस उशिरा. एकाच वादळातून एकत्र निघालेल्या लाटा वाटेत लांबीनुसार वेगळ्या होत जातात. घड्याळ घेऊन रोज मोजणाऱ्याला सेकंदांचा आकडा दिवसागणिक उतरताना दिसतो आणि त्यावरून वादळ किती दूर होते हेही काढता येते. वॉल्टर मंक यांनी 1963 साली आपल्या सहकाऱ्यांसह न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठिकाणे लावून दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा अख्ख्या प्रशांत महासागरावरून माग काढत नेल्या. वादळांचा पट्टा ओलांडल्यावर या लाटा फारशा क्षीण होत नाहीत, हे तेव्हा दिसून आले. सात हजार किलोमीटर जवळजवळ फुकट, आणि खरी किंमत मोजायची ती शेवटच्या शंभर किलोमीटरच्या उथळ मंचावर!

त्या मंचावरही सगळीकडे सारखे नाही. विजयदुर्गापासून शंभराहून थोडे जास्त किलोमीटर पश्चिमेला, मंचाच्या कडेशी, आंग्रिया बँक नावाचे पाण्याखालचे पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. चाळीसेक किलोमीटर लांब, माथ्यावर सुमारे वीस मीटर पाणी आणि त्यात प्रवाळ. पंधरा सेकंदांची लाट तिथे आली की तिचा वेग ताशी 84 वरून पन्नासच्या खाली उतरतो. उंची फारशी बदलत नाही, पण रेघ वळते. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या पठाराचा पत्ताही नसतो.

सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 रोजी झाली. कुरटे बेटावरचा हा कोट आला तसा समुद्र अंगावर घेतो. त्याच्या पाठीशी, मालवणच्या बाजूला, पाणी निवांत असते. होड्या तिथे नांगरतात. बेटाला वळसा घालून दोन्हीकडून आलेल्या लाटा आडोशाला भेटतात तिथे त्यांची ताकद संपलेली असते, आणि हातातली वाळू त्या तिथेच टाकतात. शेजारच्या पद्मगड किल्ल्याकडे ओहोटीत चालत जाता येते ते अशाच वाळूवरून.

तिथून दक्षिणेला देवबाग. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची, घरांची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी खातो, म्हणून ठिकठिकाणी मोठे दगड टाकून धूपप्रतिबंधक बंधारे बांधले आहेत. घर जात असलेल्या माणसाला बंधारा मागू नको असे कोण सांगणार? तरीही लाटेचे वागणे पाहिले की काळजी वाटते. उतरत्या पुळणीवर लाट सांडून आपली शक्ती संपवते. पावसाळ्यात नेलेली वाळू पाण्याखालच्या बांधांत ठेवते आणि हिवाळ्यातल्या संथ लाटा ती परत आणतात. दगडी उतारावर आपटलेली लाट मात्र काही अंशी मागे फिरते, पायथ्याची वाळू उपसते आणि तिथले पाणी खोल होते. पाणी खोल झाले की पुढची लाट आणखी मोठी येऊ शकते. बंधाऱ्याची दोन टोके जिथे संपतात तिथे शेजाऱ्याची जमीन अधिक जाते.

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. या संस्थेने रत्नागिरी, कारवार, होन्नावर अशा ठिकाणी लाटा मोजणारे तरंगते गोल बसवले आणि या किनाऱ्याच्या लाटांची खरी नोंद मिळू लागली. हिवाळ्यात अरबस्तानावरून वाहणाऱ्या ‘शमाल’ वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, हे इथल्याच संशोधकांनी दाखवून दिले. कांदोळीच्या किनाऱ्यावर मात्र कुणीही न योजलेला एक प्रयोग झाला. जून 2000 मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज तिथे वाळूत रुतले आणि 2012 पर्यंत हटले नाही. त्या वर्षांत जहाजाच्या आडोशाला वाळू साठत गेली आणि शेजारची पुळण झिजत राहिली. बेटाने शतकानुशतके करावे ते एका लोखंडी सांगाड्याने काही वर्षांत केले.

जुलैत आलप्पुळाला गेले. वाटेत सगळीकडे समुद्र पिसाळलेला होता. केरळच्या किनाऱ्याला उन्हाळ्यातच एक तडाखा बसतो. दक्षिण महासागराच्या त्याच लांब लाटा भरतीच्या वेळी, वारा नसताना, घरांत शिरतात. तिथले कोळी याला कळ्ळक्कडल म्हणतात आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आता त्याची आगाऊ सूचना देते. पावसाळ्याच्या लाटा वेगळ्या, जवळच्या वाऱ्याच्या, आखूड आणि उभ्या. पुळणीला लागून घरे, दगडांचे ढिगारे, आणि त्यावर एकामागून एक आदळणारे पाणी.

आणि मग किनाऱ्याचा एक तुकडा असा लागला, जिथे लाटच नव्हती. पाऊस कोसळत होता, वारा तोच होता, दूरवर पांढरा फेस दिसत होता. पण किनाऱ्यापाशी तपकिरी, जड पाणी नुसते डुलत होते. होड्या रांगेने आत-बाहेर करत होत्या. ही ‘चाकरा’, चिखलाचा बांध. इथल्या तळावर अतिशय बारीक चिखल आहे. पावसाळा सुरू होताच पहिल्या मोठ्या लाटा तो ढवळतात आणि तळाशी दाट, प्रवाही गाळाचा थर तयार होतो. वाळू लाटेला तळाशी घासते, एवढेच. हा थर लाटेबरोबर स्वतः हलू लागतो, आणि घट्ट द्रव हलवताना लाटेची सगळी शक्ती त्यातच जिरते. काही किलोमीटरच्या आत लाट फुटण्याआधीच संपते. मागून येणारी प्रत्येक लाट गाळ ढवळत राहते, म्हणून लाटा चालू आहेत तोवर बांधही टिकतो. कोळंबी आणि मासे या शांत पाण्यात गोळा होतात. बाकी किनारा बंद असताना इथे जाळी पडतात.

किनाऱ्यावर जाळे उलगडत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला, सोबतच्या रिक्षावाल्याच्या मदतीने, विचारले की बांध कुठवर आहे हे होडीत कसे कळते. त्याने दोन जागा सांगितल्या. आत, जिथे वल्हे वर काढले की पात्याला चिखल चिकटून येतो. बाहेर, जिथे वल्हे स्वच्छ येते. तिथून पुढे होडी न्यायची नाही. बांध दरवर्षी त्याच जागी येत नाही, कधी पुरक्काडकडे सरकतो, कधी इकडे, आणि जिथे येईल तिथे त्या मोसमापुरता बाजार भरतो. या वर्षी तो त्याच्या घरासमोर आला होता. मुलगा आणि नातू पहाटेच गेले होते, दुसरी खेप घेऊन दुपारी परत यायचे होते.